शिध्यात गेलेलं घर

१

करोल बागेत मोबाइलची दुकानं इतकी की नवख्या माणसाला वाटावं, दिल्लीकर जेवणखाण सोडून फोनच घेतात. त्या गर्दीत पद्माकर खटावकरचं दुकान शोधायचं तर पाटी बघत हिंडू नये. पाटीवर अजून आधीच्या भाडेकरूच्या स्वेटरांची जाहिरात आहे. गल्लीच्या तोंडाशी भटुरेवाल्याला ‘मराठी अंकल कहाँ बैठते हैं’ एवढं विचारावं. तो कढईवरची नजर न काढता झाऱ्यानं दिशा दाखवतो.

पद्माकर शिकला बेताचा. वडील कॅन्टोन्मेंटात हवालदार. बारावीत पोरानं गटांगळ्या खाल्ल्यावर त्यांनी त्याला फौजेत घालायचं ठरवलं आणि पोरानं एसटीडी बूथ टाकला. बाजार नुकते खुले झाले होते. त्या काचेच्या पेटीबाहेर बसून त्यानं लोकांच्या सोयरिकी, भांडणं आणि मर्तिकं ऐकली. बूथ बसले तेव्हा पेजर विकले. पेजर तर लोकांनी पट्ट्याला लावून लग्नात मिरवेपर्यंतच बंद पडले. मग मोबाइल आले. दर खेपेला शेजारचे म्हणाले, आता हा उठणार. दर खेपेला शेजारचे उठले.

त्याचं खरं कसब विकण्यात नव्हतं, भरण्यात होतं. नवा अँड्रॉइड फोन म्हणजे कोरी खोली. त्यात अ‍ॅप उतरवायची तर इंटरनेट असं मंद की गिऱ्हाईक बाकावर पेंगायला लागायचं. पद्माकरनं तोड काढली होती. एका जुन्या फोनमध्ये, ज्यात ना सिम ना कुणाचं नाव, त्यानं सगळं मांडून ठेवलं होतं: गप्पांचं अ‍ॅप, गाण्यांचं, रेल्वेचं, कॅलेंडर, दोनचार खेळ, हनुमान चालिसा. त्या फोनचा बॅकअप एका मेमरी कार्डावर. नवा फोन आला की आधी कार्डावरचं सगळं त्यात ओतायचं, मग गिऱ्हाइकाच्या जुन्या फोनातली नावं, फोटो, निरोप. वडिलांच्या तोंडचा लष्करी शब्द धरून तो याला ‘शिधा भरणं’ म्हणायचा.

एकदा एका वयस्कर सरदारजींनी विचारलं होतं, “इतना सब भर दिया, फोन भारी तो नहीं हो जाएगा?”

“फोन नहीं, मन हलका होगा,” पद्माकर म्हणाला.

“और पुराने में से सब निकल गया?”

“निकलता कुछ नहीं, दारजी. पुराना वहीं रहता है. बस, वैसा ही एक और बन जाता है.”

सरदारजी बराच वेळ दोन्ही फोन दोन तळहातांवर धरून बसले होते.

धनत्रयोदशीच्या सकाळी तो शिध्याचा फोन मेला. बॅटरी फुगून पाठ उचकटली. कार्डही गेलं. बाहेर गिऱ्हाइकं उभी. पद्माकरनं स्वतःचा फोन काढला, त्याचाच बॅकअप घ्यायला लावला. नावं नकोत, निरोप नकोत, फोटो नकोत. भराभर खुणा काढल्या. पण ‘होम स्क्रीन’समोरची खूण राहिली. दिवाळीभर जितके फोन त्या दुकानातून गेले, तितक्यांच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक लहानसं चिन्ह गेलं. खाली नाव, ‘घर’. दाबलं की थेट फोन लागतो असं.

ते चिन्ह त्यानं बायकोसाठी, हेमलतासाठी ठेवलं होतं. दुकान बंद करताना एकदा दाबायचं. ती विचारायची, “निघालात का?” आणि मग भाजीचं सांगायची. हेमलता केंद्र सरकारच्या नोकरीतून मुदतीआधीच मोकळी झाली, आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून दोघं इंदिरापुरमच्या स्वतःच्या फ्लॅटवर आले, तेव्हाची ही गोष्ट. पुढे पुण्यात मुलाला, केतनला, मुलगी झाली. हेमलता पुण्याला गेली ती ‘बाळ रांगायला लागेपर्यंत’. बाळाचं नाव कादंबरी ठेवलं, कादंबरी रांगली, चालली, आता शाळेचं बघत होते. दर रविवारी पद्माकर विचारायचा, “मग काय ठरलं?” दर रविवारी हेमलता म्हणायची, “तुम्ही एकदा स्पष्ट ‘ये’ म्हणा, मी येते.” आणि तो म्हणायचा, “तुझं तू बघ.” आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याच्या गळी माल उतरवला, त्याच्या गळ्यातून तेवढं एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. शाळेचा प्रवेश होण्याआधी ते म्हणायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

२

पहिल्यांदा आल्या सरला भटनागर. राजेंद्र नगरात शिकवायच्या, फोन दिवाळीत नेलेला.

“भाईसाहब, ये ‘घर’ किसका है?” त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. “मैं समझी मेरा ही है. दबा दिया. किसी आंटी ने उठाया.”

“कौन आंटी?”

“अब ये तो आप बताओ. आप ही की तरह बोलती हैं, लड़का-लड़की सब एक करके. पहले तो पूछा, निकले क्या. मैंने कहा, आंटी, रॉन्ग नंबर. बोलीं, कोई बात नहीं, आते समय धनिया ले आना.”

बाकावरची दोघं हसली. पद्माकरही हसला. “फिर? ले गईं धनिया?”

“ले गई. घर में था नहीं.”

त्यानं चिन्हामागचा नंबर उघडला. शून्य एकशेवीसनं सुरू होणारा, त्याच्याच फ्लॅटचा लँडलाइन. चूक कुठे झाली ते तत्क्षणी ध्यानात आलं आणि कानाची पाळी गरम झाली. इतकी वर्षं धंदा करून असा बावळटपणा. बाकी क्रॉस कनेक्शन असणार. बूथच्या दिवसांत त्यानं मेरठच्या माणसाला मदुराईच्या बाईशी तासभर भांडताना ऐकलं होतं.

“हटा देता हूँ,” तो म्हणाला.

“हाँ, हटा दो,” सरलाबाई म्हणाल्या. मग पर्स बंद करताना, “वैसे बहुत प्यार से बोलीं.”

त्या गेल्यावर त्यानं स्वतःच्या फोनवर ‘घर’ दाबलं. हेमलता गेल्यापासून दाबलं नव्हतं. तिकडे घंटी वाजत राहिली. फ्लॅट बंद, किल्ली त्याच्या खिशात. रिकाम्या बोळात घंटी कशी घुमत असेल ते त्याला दुकानात बसून ऐकू येत होतं. आपोआप बंद पडेपर्यंत त्यानं ती वाजू दिली.

३

फ्लॅट घेतला तेव्हा समोर मोहरीचं शेत होतं. बिल्डरच्या माणसानं त्या पिवळ्या रंगाकडे हात करून ‘ओपन व्ह्यू’ म्हटलं होतं. आता समोर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या आणि त्यांवरचे पडदे.

दार उघडलं की पुढची खोली. तिच्या डावीकडे भिंतीआड स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल. समोर अरुंद बोळ, बोळात तिपाईवर राखाडी रंगाचा फोन, आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. हेमलतानं फोनला लांब वायर लावून घेतली होती, रिसीव्हर मागच्या खोलीत नेऊन पडल्यापडल्या बोलता यावं म्हणून. ती गेल्यापासून पद्माकर मागच्या खोलीत जात नसे. पुढच्या खोलीत दिवाणावर झोपायचा. दिवाही क्वचित लावायचा, टीव्हीच्या उजेडात भागायचं.

त्या संध्याकाळी तो तिपाईपाशी वाकला. तिपाईवर धूळ होती. फोनच्या आकड्यांवर धूळ होती. रिसीव्हरवर नव्हती.

कामवाली पुसत असेल, तो स्वतःशी म्हणाला. पण कामवाली सकाळी त्याच्यासमोर यायची, आणि ती तिपाईच काय, तिपाईखालचंसुद्धा पुसत नसे. त्यानं रिसीव्हर उचलला. कोमट होता. खूप वेळ कुणी कानाशी धरून ठेवावा तसा. पश्चिमेचं ऊन येत असेल, असं म्हणून त्यानं मान वळवली. बोळाला खिडकी नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुलूप बदलून घेतलं. व्यवहारी माणसाला हे पटतं: कुणाकडे तरी जुनी किल्ली असेल. नवी किल्ली एकच ठेवली, तीही जानव्याला बांधावी तशी सदऱ्याच्या आतल्या खिशात.

४

माणूस फोन परत घेऊन येतो तो तक्रार घेऊन. ही बाजाराची रीत पद्माकरला पाठ होती. त्या थंडीत मात्र लोक निरोप घेऊन यायला लागले.

एक टॅक्सीवाला चार्जर घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, “अंकल, वो आंटी बोल रही थीं, पीछे वाले बाथरूम का नल टपकता है. किसी को बोल दो.” हा फोन कुणाचा, आंटी कोण, त्यानं विचारलंच नाही. जणू सगळ्यांच्याच फोनमध्ये अशी एक असते. पद्माकर त्या संध्याकाळी मागच्या न्हाणीघरात गेला. नळ टपकत होता. बादली काठोकाठ भरली होती.

त्यानं प्लंबर बोलावला. दोनच दिवसांत एक कॉलेजातली मुलगी हसत सांगून गेली, “आंटी ने थैंक्यू बोला है, पता नहीं किस बात का.”

आता खरं सांगायचं तर त्याला ती सगळी चिन्हं पुसता आली असती. गिऱ्हाइकांचे नंबर होते, बोलावून घ्यायचा अवकाश. नवा स्वच्छ शिधाही करता आला असता. त्यानं केला नाही. जुनाच भरत राहिला. दिवसभरात कुणी ना कुणी येऊन त्याला त्याच्या घराचं सांगायचं: दूध फुटलं, समोरच्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, गॅलरीत कबुतरानं अंडी घातली. घरी गेल्यावर कबुतर असायचं. इतक्या मोठ्या शहरात आपल्या घरी काय चाललंय हे सांगणारं माणूस असणं, याला तो किती भुकेला होता ते त्याचं त्यालाच नवं होतं. फक्त एक खोट होती. सगळ्यांनी दाबलं की उचललं जायचं. त्यानं दाबलं की घंटी वाजून वाजून थांबायची. सोमवारी बाजार बंद, तो घरी असे. सोमवारी फोन वाजतच नसे.

ती काय बोलते ते पुरतं कळलं सुभेदार खंडेराव शेलारांकडून. फौजेतून निवृत्त, मुलगा नोकरीत म्हणून कॅन्टोन्मेंटाजवळ राहिलेले, बायकोच्या माघारी दिवसभर एकटेच. हिंदी गिऱ्हाइकांना नुसता सूर कळत होता, यांना शब्द कळत होते.

“पद्माकरराव, तुमच्या फोनात एक बाई आहेत,” खंडेराव स्टुलावर टेकत म्हणाले. “मी रोज दुपारी बोलतो. खोटं कशाला सांगू, मराठी ऐकायला मिळतं. पण बाई घाबरल्यात हो.”

“कशाला?”

“रोज संध्याकाळी म्हणे एक माणूस घरात शिरतो. किल्ली आहे त्याच्याकडं. बोलत नाही, दिवा लावत नाही. उभ्या उभ्याच काहीतरी खातो आणि टीव्हीसमोर बसून राहतो पुतळ्यावानी. बाई मागच्या खोलीत दम धरून बसतात. मी म्हटलं, पोलिसात द्या. तर म्हणाल्या, नको, गरीब दिसतो बिचारा. आमचे हे आले की त्यांना सांगते.”

पद्माकर एका फोनची काच पुसत होता. पुसतच राहिला.

“नंबर कुणाचा ते काढता येईल का तुम्हाला?” खंडेराव म्हणाले. “आमच्या लाइनीतले दोघं जवान धाडतो. त्याला जरा समज देऊ.”

“बघतो,” पद्माकर म्हणाला.

५

त्या दिवसापासून तो स्वतःच्या दाराची बेल वाजवून मग किल्ली लावायला लागला. आत पाऊल टाकण्याआधी खाकरायचा. सगळे दिवे लावायचा, बोळातलाही. ताट वाढून घेऊन टेबलाशी बसून जेवायचा, पाटावर बसल्यासारखा सरळ. एका संध्याकाळी, भाजी पुढ्यात घेऊन, तो मागच्या खोलीच्या बंद दाराच्या दिशेनं बघत म्हणाला, “मीच आहे.”

आवाज नको तितका मोठा आला. बोळातून तो परत आला तेव्हा दुसऱ्या कुणाचा वाटला. पद्माकरनं स्वतःला शिवी हासडली. पन्नाशी उलटलेला माणूस, तिऱ्हाइतांच्या थापा ऐकून भिंतींशी बोलतो. कुणीतरी तारेला तार जोडून गंमत करतंय आणि आपण भाजीवर उजेड पाडतोय. तरी त्यानं पुन्हा म्हटलं, या खेपेला हळू, “घाबरू नकोस.”

मागे काही हाललं नाही. न हालण्याचेही प्रकार असतात. रिकाम्या खोलीचं न हालणं वेगळं.

पुढच्या दोन दिवसांत टॅक्सीवाला पुन्हा आला, काही घ्यायचं नसताना. “अंकल, वो आंटी का कुछ करो यार. रो रही थीं. बोलीं, वो आदमी अब बातें भी करने लगा है. अपने आप से.”

पद्माकरनं खंडेरावांना दुकानात बोलावून घेतलं. म्हणाला, “लावा फोन. माझ्यासमोर लावा.”

खंडेरावांनी ‘घर’ दाबलं. दोन घंट्या, आणि त्यांचा चेहरा सैलावला. “हां, मीच. जेवण झालं का? ... काय केलं होतं? ... वा. मेथी आमच्यात पण लसणावरच.” पद्माकर काउंटरवरून पुढे झुकला होता. पलीकडचा आवाज त्याला ऐकू येत होता, शब्द नव्हते. भिंतीपलीकडे बायका निवडटिपण करताना बोलतात तसा एक सलग, सुखाचा सूर.

“बाई, इथं आमचे एक स्नेही आहेत, त्यांना बोलायचंय,” खंडेराव म्हणाले आणि फोन पुढे केला.

“हॅलो,” पद्माकर म्हणाला.

सूर थांबला. श्वास ऐकू आला, तोंडावर हात दाबून घेतलेला. मग लाइन बंद झाली.

“तुमचा आवाज जरा राकट आहे,” खंडेराव समजुतीनं म्हणाले.

६

हेमलताचा फोन रविवारची वाट न बघता आला, गुरुवारी सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं. मागे कुकरच्या शिट्ट्या, कादंबरीची भुणभुण.

“अहो, झाला बरं का प्रवेश. फी भरून टाकली केतननं. शाळा आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे, नेणं-आणणं माझ्याकडे. म्हणजे आता मी इथलीच झाले.”

पद्माकरनं शटर अर्ध्यावरच सोडलं. “ठरवलंस पण?”

“पण काय? मंगळवारी बोललो ना आपण.”

“मंगळवारी?”

“दुपारी हो. तुमचा मोबाइल लागेना, म्हणून उगाच घरी करून बघितला. दुकानात असाल असंच वाटलं होतं. तर तुम्हीच उचललात. जेवत होतात, तोंडात घास होता.”

मंगळवारी दुपारी तो या काउंटरमागे होता. भटुरेवाल्याकडून प्लेट आली होती, खंडेराव समोर बसले होते.

“मी काय म्हणालो?” त्यानं विचारलं.

“हे काय विचारणं झालं? म्हणालात, तू निर्धास्त राहा, पोरीची शाळा महत्त्वाची, इथे कशाला काही कमी नाही. अहो, इतकं मोकळं तुम्ही कितीतरी वर्षांत बोलला नव्हतात. फोन ठेवल्यावर मी रडले थोडी. केतनलाही सांगितलं, बाबा बदललेत.”

“हेमा, मंगळवारी मी दुकानात होतो.”

पुण्यात कुकरची शिट्टी झाली.

“म्हणजे आता शब्द फिरवायचा,” ती म्हणाली. आवाजातलं ऊन गेलं होतं.

“फिरवत नाहीये. तो मी नव्हतो. ऐक, तू ये. ये इकडे. मी म्हणतोय ना, ये.”

इतकी वर्षं अडलेलं ते अक्षर असं तीनदा बाहेर पडलं, आणि पडल्यावर त्याला कळलं की त्याची वेळ मंगळवारी होती.

“मी तुम्हाला विचारलं होतं हो,” हेमलता हळू म्हणाली. “एकटं वाटत नाही ना, म्हणून विचारलं. तुम्ही हसलात. एकटा कुठाय, म्हणालात. आता फी भरली. आता असं करू नका.”

७

त्यानं शटर पाडलं आणि घराकडची, वैशाली स्टेशनची मेट्रो धरली. रागात होता. कुणी का असेना, आपल्या घरात बसून, आपल्या फोनवरून, आपल्या बायकोला आपल्या तोंडचं उत्तर देतं. यमुना ओलांडेपर्यंत राग टिकला. मग डबा रिकामा झाला, आणि रिकाम्या डब्यात राग एकट्याला सांभाळता येत नाही.

आपली इमारत दुपारी कशी दिसते ते त्याला माहीत नव्हतं. गॅलऱ्यांतून गाद्या उन्हाला घातल्या होत्या. गेटवर दिवसपाळीचा गार्ड होता, त्यानं कधी न पाहिलेला.

“किसके यहाँ?”

“खटावकर.”

“जाइए. साब घर पे ही हैं.”

गार्ड लोक काहीही बोलतात, असं म्हणत पद्माकर जिना चढला. लिफ्टचा आवाज नको होता. त्याच्या मजल्यावर फोडणीचा वास होता. शेजारचं दार त्यानं हुंगलं. वास शेजारचा नव्हता.

त्यानं बेल वाजवली नाही. खाकरला नाही. नवी किल्ली घालून दार हातभर उघडलं.

पुढच्या खोलीत पडदे सारलेले होते, स्वच्छ ऊन आत आलं होतं. दिवाणावर त्याचं अंथरूण नव्हतं. समोर बोळात तिपाईवर फोन होता आणि फोनवर रिसीव्हर नव्हता. गुंडाळीची वायर ताणून मागच्या खोलीत गेली होती, उघड्या दाराच्या कडेला घासत. ती जिवंत होती. बोलता बोलता माणूस कूस बदलतो, उशी सारखी करतो, तशी ती सैल व्हायची, पुन्हा ताणली जायची. आतून तो सूर येत होता, शब्द न कळणारा, सुखाचा.

आणि डावीकडून, भिंतीआडून, जेवणाच्या टेबलाकडून, स्टीलच्या वाटीला चमचा लागल्याचा आवाज आला. कुणीतरी पाणी प्यायलं. पिऊन झाल्यावर घसा साफ केला. पद्माकरचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यावर गेला. घसा त्यानं साफ केला नव्हता.

दोन पावलं आत टाकली असती तर भिंतीपलीकडचं दिसलं असतं. त्यानं एक टाकलं. फरशीवर चप्पल वाजली.

वायर थांबली. सूर थांबला. चमचा थांबला. सगळं घर श्वास धरून बसलं, आणि कुणासाठी ते पद्माकरला कळलं. संध्याकाळी येणाऱ्या त्या माणसासाठी. आज तो लवकर आला होता.

तो मागे सरला. दार स्वतःकडे ओढून घेतलं, आवाज न करता, जसं झोपलेल्या माणसांच्या घराचं ओढावं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. आत रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला. बऱ्याच वेळानं त्यानं फोन काढला आणि उजव्या कोपऱ्यातलं ‘घर’ दाबलं. दाराआड घंटी वाजली. एकच.

“हॅलो.”

हेमलताचा आवाज. सकाळच्या पुण्यातल्या हेमलताचा नव्हे. ‘निघालात का’ विचारणाऱ्या हेमलताचा.

त्यानं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“हॅलो, कोण बोलतंय?” ती दबक्या आवाजात म्हणाली. आवाज थोडा कापत होता, पण सौजन्य सुटलं नव्हतं. “ह्यांच्याशी काम होतं का? ते जेवायला बसलेत. कोण म्हणून सांगू?”

पद्माकरनं आवाज लहान केला, राकटपणा काढून टाकला, नव्या गिऱ्हाइकाशी बोलतात तितका मऊ केला.

“काही नाही, वहिनी,” तो म्हणाला. “दुकानातून बोलतोय. सावकाश जेवू द्या त्यांना.”

“बरं, सांगते,” ती म्हणाली. तिला हायसं वाटलेलं त्याला ऐकू आलं. फोन ठेवला गेला. बोळातून पावलं पुढच्या खोलीत आली, दारापाशी थांबली, आणि आतून कुणीतरी कडी घातली.